दहावे नाणे

(जव्हार-मोखाडा परिसरातील जिल्हा परिषद शाळा आणि आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी ऑगस्ट महिन्यात झालेल्या गुणगौरव मेळाव्यातील भाषण)

 

आजचा दिवस आनंदाचा आहे, म्हणून आधी आनंदाचेच बोलते.

समोरच्या टेबलावर ढाली आणि प्रमाणपत्रे ठेवली आहेत. पहिली रांग आहे पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची. ३०० गुणांची ही परीक्षा. बाहेरून आलेल्या मित्रांना एक गोष्ट सांगते. आमच्या पाड्यावरचे मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्या तोंडात वारली असते, कोकणी असते, ठाकरी असते, कातकरी असते. शाळेच्या पुस्तकातली मराठी त्याच्यासाठी पाहुण्याची भाषा असते. परीक्षेतल्या गणितात लिफ्ट वर-खाली जाते आणि मंडईत भाजीचा भाव निघतो. मुलाने लिफ्ट पाहिलेली नसते. भाजी तर त्याच्या घरी रानातून येते, तिला भाव नसतो. म्हणजे आमचे मूल आधी प्रश्नाचे गाव ओळखते आणि मग उत्तर शोधते. शहरातल्या मुलाच्या मानाने ही दुप्पट मेहनत आहे. तिचे वेगळे गुण मिळत नाहीत, तरीही ही मुले पास झाली. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी.

दुसरी रांग खेळाडूंची. आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा आधी प्रकल्प स्तरावर होतात, मग ठाणे विभागात, मग राज्यात. आपल्या मुली खो-खोत विभागापर्यंत गेल्या. एका मुलीने मला विचारले, “ताई, बूट घालून पळायचंच असतं का? मला पायाला जमीन लागली की बरं पळता येतं.” मी तिला कविता राऊतची गोष्ट सांगितली. कविता काही लांबची नाही, पलीकडच्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात तिने कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. २०१२ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुले एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचली, त्यांत एक मुलगी होती. सरकारी आश्रमशाळेचे मूल म्हणजे बिचारे मूल असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

तिसरी रांग मला फार आवडते, कारण तिला परीक्षा नाही. बाल आनंद मेळाव्यात एका द्विशिक्षकी शाळेच्या मुलांनी रानभाज्यांचे दुकान मांडले होते. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली आणि शेवळे. चौथीतल्या मुलाने मला बजावले, “शेवळ्यात काकड घातलं नाही तर घसा खाजतो.” मी विचारले, तुला कोणी शिकवले? म्हणाला, आजीने. त्याच्या गुरुजींनी मोठ्या शहाणपणाने त्या आजीलाच शाळेत बोलावले. आजी वर्गात बसून बोलली, मुलांनी वहीत लिहून घेतले. आजी तिच्या बोलीत बोलली आणि मुलांनी पुस्तकी मराठीत लिहिले. भाषेचा याहून चांगला तास मी पाहिलेला नाही. त्याच शाळेने परसबाग केली, आणि पोषण आहाराच्या भाजीत आता तिथलीच वांगी आणि शेवगा पडतो.

एका शाळेच्या भिंतीवर मुलांनी तारपा काढला आहे. गोल फेर धरून नाचणारी माणसे, मध्ये तारपा वाजवणारा. ते चित्र पाहताना मला जिव्या सोमा मशे आठवले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळचे ते वारली चित्रकार, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. लग्नाचा चौक सवाशिणींनी काढायचा अशी वारल्यांची रीत. जिव्यांनी ते चित्र भिंतीवरून कागदावर आणि पाड्यावरून जगात नेले. त्यांच्याबद्दल असे सांगतात की लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणेच थांबले होते आणि ते मातीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगत. शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गात मागे बसून काहीच न बोलणारे एखादे मूल असेल. त्याच्या हातात खडू देऊन बघा.

हे सारे यश सरकारी शाळांचे आहे, हे मी मुद्दाम सांगते. आपली संस्था वह्या देते, संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेते, पण शाळा जिल्हा परिषदेची आणि आदिवासी विकास विभागाची आहे. घाट चढून, ओहोळ ओलांडून शाळेत पोहोचणारे शिक्षक तिथले आहेत. या मातीत हे काम फार जुने आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरुवात केली आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात नेऊ म्हणून त्यांनी अंगणवाडी काढली. मूल गुरांमागे जाते, तर शाळा कुरणात नेऊ म्हणून कुरणशाळा काढली. “मूल गैरहजर” असा शेरा मारून त्या थांबल्या नाहीत. मूल कुठे आहे ते पाहायला त्या निघाल्या.

आता मला एक कबुली द्यायची आहे. ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिची आणि तिच्या वडिलांची परवानगी मी घेतली आहे. नाव सांगणार नाही.

मागच्याच्या मागच्या वर्षी याच मंडपात एका मुलीचा सत्कार झाला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तिने आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा पास केली होती. या शिष्यवृत्तीत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, नववीपासून बारावीपर्यंत चार वर्षे. तिच्या पाड्यावरून ही परीक्षा पास होणारी ती पहिली. मीच तिच्या खांद्यावर शाल घातली, मीच ढाल दिली. आपल्या याच त्रैमासिकाच्या जानेवारीच्या अंकात तिचा फोटो छापला होता. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. काहींनी पत्रे पाठवली, देणग्या पाठवल्या.

त्या वर्षी मेळावा ऑक्टोबरात होता. मेळाव्याच्या आठ दिवस आधी तिचे वडील आमच्या कार्यालयात आले. हातात कागद होता. म्हणाले, “बाई, हा कागद बघा. शाळेत सांगतात, पोरीच्या नावात चूक आहे.”

शाळेच्या रजिस्टरमध्ये तिचे नाव एक, आधार कार्डावर त्यात एक अक्षर वेगळे, आणि बँकेच्या पासबुकात आडनावच नाही. परीक्षा पास झाली की पैसे आपोआप येतात असे नाही. ऑनलाइन अर्ज भरावा लागतो, शाळेला तो तपासून पुढे पाठवावा लागतो, मग जिल्हा तपासतो. आणि तीन ठिकाणी तीन नावे असतील तर संगणक त्या मुलीला ओळखत नाही.

मी तेव्हा मंडपवाल्याशी फोनवर बोलत होते. ढालींवरची नावे तपासायची होती. पाहुण्यांच्या जेवणाचे ठरवायचे होते. मी त्यांना म्हणाले, “दादा, मेळावा होऊन जाऊ द्या, मग निवांत बघू.” ते बरं म्हणाले आणि निघून गेले. चार तास चालून आले होते, चार तास चालून परत गेले.

मेळावा छान झाला. पुढच्या आठवड्यात मी संगणकासमोर बसले तेव्हा अर्जाची मुदत संपली होती. मी फोन केले, खेटे घातले, विनंती केली. काही झाले नाही. ती शिष्यवृत्ती गेली ती गेली.

ढालीवर मात्र मी तिचे नाव दोनदा तपासले होते. ते अगदी बरोबर होते.

दिवाळीनंतर काय होते ते इथल्या लोकांना सांगायला नको. भात झोडून झाले की पाड्यांना कुलुपे लागतात. वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला घरच्या घर निघते, ते पाऊस तोंडावर आला की परत येते. तिच्या वडिलांनी घेतलेली उचल त्या शिष्यवृत्तीच्या एका वर्षाच्या रकमेहून फार मोठी नव्हती. शिष्यवृत्ती आली असती तर ती आजीजवळ राहून शिकणार होती, असे घरात ठरले होते. ती आली नाही. मग तिलाही बरोबर नेले, धाकट्या भावाला सांभाळायला आणि भाकरी करायला.

जानेवारीचा अंक छापून आला तेव्हा मी तो घेऊन तिच्या शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी मुकाट्याने हजेरीपट समोर ठेवला. तिच्या नावापुढे दिवाळीपासून एकही हजेरी नव्हती. माझ्या हातात तिचा हसरा रंगीत फोटो, आणि टेबलावर ती रिकामी ओळ.

मी तिला शोधत भिवंडीच्या पुढे एका भट्टीवर गेले. कच्च्या विटा रचून, वर पेंढा टाकून केलेल्या झोपडीत ते राहत होते. आईबाप पहाटे अंधारात उठून विटा पाडत. ही मुलगी ओल्या विटा उलटवून वाळत घाली. मला पाहून ती उठली, हात पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, “ताई, शाळेत किती धडे झाले?”

मग तिने झोपडीतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. त्यात आधार कार्ड होते, पासबुक होते आणि आपण दिलेले प्रमाणपत्र घडी न मोडता ठेवले होते. मी विचारले, हे इथे कशाला आणलेस? ती म्हणाली, “पुढच्या वर्षी अर्ज भरताना दाखवायला लागेल ना.”

तिला वाटले होते की तो कागद कामाचा आहे. आम्ही एवढ्या लोकांसमोर दिला, टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, तेव्हा तो कुठेतरी चालत असणार असे कुठल्याही शहाण्या मुलीला वाटेल. तो कुठेच चालत नाही हे तिला सांगायला त्या दिवशी माझी जीभ उचलली नाही.

परत येताना एसटीत मला लूकच्या शुभवर्तमानातला १५ वा अध्याय आठवला. आज इथे सगळे ख्रिस्ती नाहीत. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कणसरीची पूजा होते, वाघोबाला नैवेद्य होतो. तुम्ही ही नुसती गोष्ट म्हणून ऐका. येशूने तिथे दोन छोट्या गोष्टी लागोपाठ सांगितल्या आहेत. पहिली शंभर मेंढरांतल्या एका हरवलेल्या मेंढराची. ती सगळ्यांना ठाऊक आहे, तिची चित्रे आपण भिंतीवर लावतो. दुसरी गोष्ट एका बाईची. तिच्याजवळ दहा नाणी असतात, त्यांतले एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते आणि ते सापडेपर्यंत शोधत राहते.

ईश्वरविद्येच्या वर्गात आम्ही या दोन्ही गोष्टी एकत्रच शिकलो. परीक्षेत दोन्हींचा अर्थ मी एकच लिहिला आणि गुणही मिळाले. पण त्या एसटीत मला पहिल्यांदा दिसले की दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. मेंढरू आपल्या पायांनी भटकते आणि रानात हरवते. नाणे कुठे जात नाही. नाण्याला पाय नसतात. ते घरातच हरवते, आणि कोणाच्या तरी हातून पडते.

आपण मुलांबद्दल बोलताना नेहमी म्हणतो, “मूल गळाले”, “मुलीने शाळा सोडली”, “यांना शिक्षणाची आवडच नाही.” जणू मेंढरू आपण होऊन रानात गेले. ही मुलगी कुठे गेली नव्हती. तिने परीक्षा दिली, पास झाली, तिच्या बापाने वेळेवर कागद आणून दिला. ती माझ्या हातून पडली. आणि पडली त्या वेळी मी तिच्याच सत्काराची तयारी करत होते.

त्या गोष्टीत आनंदसोहळासुद्धा आहे. बाई शेजारणींना आणि मैत्रिणींना बोलावते, आनंद करा म्हणते. पण तो सोहळा शेवटी येतो. दिवा, केरसुणी, शोध, आणि मग सोहळा. आमच्याकडे सोहळा आधी झाला होता आणि केरसुणी कोपऱ्यातच राहिली होती.

म्हणून या वर्षी आम्ही तीन गोष्टी बदलल्या आहेत.

पहिली, मेळावा ऑक्टोबरातून ऑगस्टात आणला. आवणी झालेली असते, आईबाप येऊ शकतात, आणि अर्जांना अजून वेळ असतो. मंडपाच्या डाव्या बाजूला टेबल लावले आहे. तिथे आपले तीन तरुण संगणक घेऊन बसले आहेत. ज्या मुलांचा आज सत्कार आहे त्यांनी आधी त्या टेबलावर जायचे. शाळेचे नाव, आधारचे नाव, बँकेचे नाव जुळते का ते पाहायचे. जुळत नसेल तर दुरुस्ती कुठे, कधी आणि कोणाबरोबर जाऊन करायची ते तिथेच लिहून मिळेल. बसभाडे संस्था देईल. त्यासाठी ढाली लहान केल्या आहेत, हे तुमच्या लक्षात आले असेल.

दुसरी, जी घरे दिवाळीनंतर बाहेर जाणार आहेत त्यांची यादी आत्ताच करायची. मूल बरोबर जाणारच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जा. ते दाखवले की जिथे जाल तिथल्या शाळेत मुलाला बसता येते. आणि मूल मागे राहू शकत असेल तर शाळेशी बोला, वसतिगृहाचे बघू. आईबापांनो, तुम्ही उचल घेता म्हणून तुम्हाला बोल लावायला मी उभी नाही. नागली आणि वरईवर वर्ष निघत नाही हे मला माहीत आहे. मी इतकेच म्हणते, निघण्याआधी आम्हाला सांगा. आणि तुम्ही सांगायला आलात तर आता कोणी “मेळावा होऊ द्या” म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट मंडळ्यांतून आलेल्या पाहुण्यांसाठी आहे. माझ्या हातात दुसरी एक यादी आहे. गेल्या तीन वर्षांत या मंडपात ज्यांचा सत्कार झाला आणि जी मुले आज कुठल्याही शाळेच्या पटावर नाहीत, त्यांची. ती मी वाचून दाखवणार नाही, कोणाची मान खाली जायला नको. पण जेवणानंतर मुख्याध्यापकांसोबत आम्ही ती घेऊन बसणार आहोत. तुम्ही देणगी देता त्याबद्दल मी ऋणी आहे. या वर्षी मी पैशांबरोबर एक दिवस मागते. भिवंडी, वसई, कल्याणकडचे जे आहेत त्यांच्यापासून भट्ट्या आमच्यापेक्षा जवळ आहेत. यादीतले एक नाव घ्या आणि ते मूल कुठे आहे ते पाहून या. फोटो काढू नका. फक्त ते कुठे आहे आणि त्याला काय हवे आहे ते विचारून या.

ती मुलगी आज इथेच आहे. मुख्याध्यापकांनी जूनमध्ये तिला पुन्हा नववीत बसवून घेतले. तिला शासकीय मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली आहे. एक वर्ष गेले, शिष्यवृत्ती गेली, ती परत येणार नाही. मी तिची आणि तिच्या वडिलांची घरी जाऊन क्षमा मागितली. वडील म्हणाले, “बाई, चुका सगळ्यांच्या होतात. चहा घ्या.” मला वाटते, मी आजवर ऐकलेल्या उपदेशांत तो एक मोठा उपदेश होता.

आज तिचे नाव सत्काराच्या यादीत नाही. मी तिला विचारले होते, व्यासपीठावर येशील का? ती म्हणाली, “नको ताई, दहावी झाल्यावर.” मग मी विचारले, आज काय करशील? ती म्हणाली, “टेबलावर बसते. आधार आणि शाळेचं नाव जुळवायचं मला चांगलं येतं.” डावीकडच्या टेबलावर संगणक घेतलेल्या तरुणांच्या शेजारी वही घेऊन जी बसली आहे, ती तीच.

तेव्हा मुलांनो, तुमचे मनापासून अभिनंदन. तुमच्या आईबापांचे, तुमच्या गुरुजींचे आणि बाईंचे अभिनंदन. तुम्ही मिळवलेले यश खरे आहे आणि त्याचा आनंद आपण पोटभर करणार आहोत. तारप्याचा फेरही धरणार आहोत. फक्त क्रम लक्षात ठेवा, आधी डावीकडचे टेबल, मग व्यासपीठ.

देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. जोहार.